शामरावांची तब्येत

वैशाली नगर, जयपूर
५ जानेवारी २०२५

प्रिय वीणाताई,

एका विहिणीने दुसरीला कागदावर पत्र लिहावं असे दिवस राहिलेले नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण फोनवर आपण दोघी फार लवकर ‘बाकी सगळं ठीक’पाशी येऊन पोहोचतो. तुमच्याकडे फोन वाजला की रुचिता शेजारच्या खोलीत असते आणि माझ्याकडे गौरांग. म्हणून हे पत्र. बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्हांला दर रविवारी तासभर घरी पत्र लिहायला बसवत. पाकीट उघडं ठेवायचं, सिस्टर वाचून मग ते बंद करायच्या. त्यामुळे वळणदार अक्षरात ‘मी मजेत आहे’ लिहिण्याचा माझा हात चांगला बसला आहे. आज मात्र तसं लिहून भागणार नाही.

शामराव बरे नाहीत.

शामराव म्हणजे रुचिताचा मासा. बेट्टा, बाजारात त्याला फायटर म्हणतात. गडद निळा, लांब झालरीची शेपटी. पेन्शनीत निघालेल्या मामलेदारासारखा तो प्रत्येकाकडे जरा संशयाने बघतो, म्हणून तिने त्याचं नाव शामराव ठेवलं. तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती डिसेंबरात निघाली, तेव्हा बॅग उचलता उचलता म्हणाली, “मम्मी, शामरावांकडे बघाल ना?” मी हो म्हणाले. मी हो म्हणते तेव्हा ते हो असतं.

तिच्या खोलीतल्या साध्या काचेच्या टाकीत तो अंधारात एकटा पडला होता. मी त्याला बैठकीत आणलं. माझे हे, आनंदराव, सैन्यातून निवृत्त झाले तेव्हा रेजिमेंटच्या बायकांनी मला कोरीव काचेचा मोठा वाडगा दिला होता. ते गेल्यापासून त्यात कुणी फळंसुद्धा ठेवली नव्हती. तो घासूनपुसून त्यात शामरावांची सोय केली. आपण पितो तेच आरओचं शुद्ध पाणी, रोज सगळं बदलून. आणि मी जेवायला बसले की त्यालाही चार दाणे. घरात कुणाला उपाशी ठेवायची मला सवय नाही.

तरी तो आता तळाशी पडून असतो. पोट लिंबासारखं फुगलंय आणि पर मिटलेल्या छत्रीसारखे अंगाला चिकटलेत. इथे सकाळी नळाला हात लावला तर बोटं बधिर होतात, अशी थंडी आहे.

रुचिता पंधरा दिवसांसाठी गेली होती. ती केव्हा येणार, हे मी तुम्हांला विचारत नाही. तुमचा डोळा सांभाळायला हवाच. पण ती येईल तेव्हा शामराव पोहताना दिसले पाहिजेत, एवढं मी ठरवलं आहे. तिला न सांगता काही विचारता आलं तर बघा. मासा आजारी आहे हे कळून ती काळजी करत बसेल.

तुमची
निशिगंधा

•

सांगली
१४ जानेवारी

निशिगंधाताई,

आधी तिळगूळ घ्या, मग बाकीचं. पाकिटात हलवा घातला होता, पण पोस्टातला माणूस म्हणाला पावडर होईल, म्हणून काढून घेतला. गोड बोलायचं आहेच, पण आज नाही जमणार. तुम्ही त्या माशाचे फार हाल केलेत हो.

मी युक्ती केली. जेवताना ह्यांना म्हटलं, “त्या समोरच्या काकूंकडे फायटर मासा आणलाय, फुलदाणीत ठेवलाय.” रुचिताने लगेच मान वर केली. “फुलदाणीत? मरेल तो.” मग मी एकेक प्रश्न सोडत गेले आणि ती ताटावर हात वाळेपर्यंत बोलत राहिली. तिने एवढं बोलून बरेच दिवस झाले होते. ती जे बोलली ते लिहिते.

वाडगा परत कपाटात ठेवा. तो माशासाठी शोभेचा आहे, राहायचा नाही. ती साधी टाकी मुद्दाम घेतलेली होती. वीस लिटर पाणी मावतं आणि त्यात हीटर आहे. हा मासा उष्ण देशातला. पाणी पंचवीस-सव्वीसच्या खाली गेलं की त्याला काही सुचत नाही, अन्न पचत नाही. आरओचं पाणी नको. त्यात काही उरलेलंच नसतं, माशाला लागतं तेही नाही. नळाचं पाणी घ्या आणि त्यात क्लोरीन मारायचे थेंब टाका. बाटली टाकीखालच्या खणात असणार. सगळं पाणी कधीच बदलायचं नाही. आठवड्याला चौथा हिस्सा काढायचा आणि तेवढंच, तितकंच कोमट पाणी घालायचं. सकाळ-संध्याकाळ दोन-तीन दाणे पुरेत. त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं म्हणे. आठवड्यातून एक दिवस काही द्यायचं नाही. आत्ता पोट फुगलंय तर दोन-तीन दिवस काहीच देऊ नका. उपाशी ठेवायची सवय नसली तर लावून घ्या.

आणि टाकीवर झाकण हवं. ते वर येऊन हवा घेतात आणि कधी कधी उडीही मारतात.

शेवटी ती मला म्हणाली, “समोरच्या काकूंकडे मांजर आहे ना गं? त्या मासा कशाला आणतील?” मी भात वाढायला उठले.

माझा दुसराही डोळा करायचा आहे. त्यामुळे तिला अजून राहावं लागेल.

वीणा

•

वैशाली नगर, जयपूर
२७ जानेवारी

प्रिय वीणाताई,

दुसऱ्या डोळ्याला माझ्या शुभेच्छा.

तुम्ही म्हणालात तसं सगळं केलं. शामराव आपल्या जुन्या टाकीत, रुचिताच्या खोलीत परत गेले. मीही माझी आरामखुर्ची तिथे नेली. तीन दिवस त्यांना उपाशी ठेवलं आणि त्यात माझंही जेवण निम्म्यावर आलं. चौथ्या दिवशी पोट उतरलं. आता सकाळी मी पडदा सारला की काचेपाशी येऊन उभे राहतात. शेजारीणबाई संतोषजी रोज येऊन हात जोडतात, “राम राम शामरावजी, आज तबीयत कैसी?” मग माझ्याकडे वळून सांगतात की त्यांच्या सासऱ्यांनीही इतकी सेवा करून घेतली नव्हती.

लहानपणी आमच्या सिस्टरनी जॅमच्या बाटलीत बेडकाची पिल्लं वाढवायला दिली होती. मी माझ्या बाटलीत केक टाकला होता. ती गोष्ट मला परवा एकदम आठवली, आणि मी एकटीच हसले.

शेपटीची एक कड फाटलेली आहे. मला वाटायचं ती जन्मजात असेल. शेवटी काल गौरांगला विचारलं.  तो म्हणाला, “मम्मी, मतलब, दिवाळीत मी अजून एक आणला होता ना. लाल.”

“मग तो कुठे गेला?”

“शामराव एकटा होता. मला वाटलं त्याला कंपनी मिळेल, रुचिताला सरप्राइज होईल. ती ऑफिसात होती. मी सोडला टाकीत आणि मित्राकडे गेलो.”

हे मासे दुसऱ्या नराला जवळ येऊ देत नाहीत. संध्याकाळी रुचिता घरी आली तेव्हा लाल मासा मेलेला होता आणि शामरावांची शेपटी चिंध्या झालेली. मी तेव्हा दिवाळीच्या फराळात होते, मला कुणी काही सांगितलं नाही. ती शेपटी तिने पुन्हा वाढवली. वाळलेलं बदामाचं पान पाण्यात सोडायची, ते त्यासाठी होतं तर. मला वाटायचं, शोभेला.

तर वीणाताई, मला आता उलगडा झाला. ती माशावरून रुसली आहे. चूक गौरांगची आहे, पण मुद्दाम केलेली नाही. शामराव आज बरे आहेत. तिला सांगा, होळीपर्यंत ये, शेपटी बघून आश्चर्य वाटेल. एवढ्याशा गोष्टीवरून घर असं मोडत नसतं.

तुमची
निशिगंधा

•

सांगली
८ फेब्रुवारी

निशिगंधाताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि उत्तर लिहायला मुद्दाम आठवडा लावला. लगेच लिहिलं असतं तर नातं बिघडलं असतं.

माझा दुसरा डोळा चांगला आहे. तो करायचा नव्हता आणि नाही. मला खोटं बोलता येत नाही म्हणून कागदावर बोलले.

‘एवढीशी गोष्ट’ म्हणता, म्हणून सांगते. माशावरून कुणी रुसलेलं नाही. रुचिता वर्षभर गौरांगरावांना सांगत होती, की तिला पुण्यात नोकरी बघायची आहे, दोघांनी मिळून विचार करू. ते हो-हो म्हणत राहिले. आणि डिसेंबरात लग्नाच्या वाढदिवसाला तिला गाडीत बसवून, डोळ्यांवर ओढणी बांधून जयपुरातल्याच विद्याधर नगरला घेऊन गेले. ओढणी सोडली तर समोर नवा फ्लॅट. दारावर दोघांच्या नावाची पाटी. “तुझ्यासाठी.” आता सांगा, हिने तिथे काय बोलायचं? आभार मानायचे की भांडायचं? हिने ते दोन्ही केलं नाही. माझ्या डोळ्याचं निमित्त मिळालं, आणि ती आली.

तो लाल मासा आणि हा फ्लॅट तिला एकच वाटतात. मलाही वाटतात.

पुण्यात तिची नोकरी जवळजवळ ठरली आहे. एप्रिलपासून. तुम्हांला हे माझ्याकडून कळावं असं तिला वाटत नव्हतं, पण तुम्ही होळीची वाट बघत बसाल, ते मला बघवेना.

वीणा

•

वैशाली नगर, जयपूर
२७ फेब्रुवारी

प्रिय वीणाताई,

मला वाटलं होतं तिला ठाऊक आहे. त्या फ्लॅटच्या स्वयंपाकघराच्या फरशा मी पसंत केल्या. फिकट हिरव्या. गौरांग म्हणाला होता, “मम्मी, रुचिताला ग्रीन आवडतो ना?” आणि मी म्हणाले होते, हो, आवडतो. आम्ही दोघांनी तिच्याबद्दल केवढं बोलून घेतलं होतं.

पत्र वाचल्यावर मी त्याला समोर बसवलं.

“तिने पुण्याचं म्हटलं होतं का?”

“म्हटलं होतं. पण मतलब, असंच म्हणायची. मला वाटलं इथे स्वतःचं घर झालं की ती सेटल होईल.”

“तिला विचारलंस?”

“विचारलं असतं तर सरप्राइज कसं राहिलं असतं?”

वीणाताई, तो तेहतीस वर्षांचा आहे. त्याचे वडील सियाचीनला असताना मी त्याला एकटीने वाढवलं. काय खाणार, काय घालणार, कुठल्या शाळेत जाणार, त्याला कधी काही विचारावं लागलं नाही, इतकी मी तत्पर होते. तो तसाच प्रेम करायला शिकला. हे मी त्याची बाजू घेऊन लिहीत नाही. मला दिसलं, म्हणून लिहिते.

तरी मी हार मानलेली नाही. शामरावांच्या शेपटीला नवी झालर फुटते आहे, काचेसारखी पारदर्शक. रोज सकाळी पाण्याचं तापमान बघते, गुरुवारी उपवास असतो, रविवारी चौथा हिस्सा पाणी. एक आरसा दाखवला की पर फुलवून रागावतात; दोन मिनिटांत मी तो काढून घेते. व्यायाम होतो म्हणे. शामराव आहेत तोवर रुचिताचं काहीतरी या घरात आहे. पुढच्या महिन्यात संतोषजी चाकसूला शीतलामातेच्या जत्रेला नेणार आहेत. मी जन्मात कुठे नवस बोलले नाही. कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये मेणबत्ती मात्र लावायचे, गणिताच्या पेपरला. हाही पेपर तसाच समजा.

निशिगंधा

•

सांगली
८ मार्च

निशिगंधाताई,

फरशांचं लिहिलंत ते बरं केलंत. लपवलं असतंत तर मला राग आला असता.

पण एक बोलते, रागावू नका. त्या माशाचा खुंटा करू नका. मासा जगला म्हणून संसार जगत नाही, आणि उद्या मासा गेला तर? ते काही कासव नव्हे, दोन-तीन वर्षांचंच आयुष्य असतं. रुचिताने मला परवा विचारलं, “आई, जयपूरहून पत्रं येतात ती माशाची असतात ना?” तिला कधीच कळलं होतं. समोरच्या काकूंचं तिने एक दिवसही खरं धरलं नव्हतं. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, “त्याला बरं वाटतंय का?” मी सांगितलं, शेपटी वाढतेय. ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. रडली का, ते मी बघायला गेले नाही.

तिला मासा हवा आहे असं मला वाटतं. पण मासा हवा म्हणजे जयपूर हवं, असं नाही. हे दोन वेगळे करून बघा. मला आई म्हणून जमत नाहीये, तुम्हांला सासू म्हणून जमतंय का पाहा.

चाकसूला जा. देवीला माझाही नमस्कार सांगा.

वीणा

•

वैशाली नगर, जयपूर
२७ मार्च

प्रिय वीणाताई,

शामराव जिवंत आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

शीतलाष्टमीला इथे बासोड़ा असतो. देवीला थंडावा प्रिय, म्हणून सगळा स्वयंपाक आदल्या संध्याकाळी करायचा, पुए, राबडी, कांजीवडे, आणि मग चूल विझवायची. दुसऱ्या दिवशी घरात काही पेटवायचं नाही, काही तापवायचं नाही. गार, शिळं जेवायचं. गावात त्या दिवशी चहासुद्धा न घेणारी माणसं आहेत. मी संतोषजींना म्हणाले होते, या वेळी माझ्याही घरात तुमच्यासारखंच होऊ दे. त्यांना फार आनंद झाला. रात्रीची भांडी झाल्यावर त्या घरभर फिरून गेल्या, कुठे काही गरम राहिलंय का बघायला. गीझर, इस्त्री, किटली. मी पुए डब्यात भरत होते.

पहाटे आम्ही चाकसूला निघालो. डोंगरीवर माणसांचा पूर होता, बायका डोक्यावर गार अन्नाच्या परड्या घेऊन गाणी म्हणत चढत होत्या. मी देवीला काय मागितलं ते तुम्हांला ठाऊक आहे. संध्याकाळी घरी येऊन रुचिताच्या खोलीत गेले, तर शामराव पाण्यावर आडवे पडले होते.

टाकीतल्या हीटरचा लाल दिवा बंद होता. तापमान मी कधी पाहिलं नव्हतं इतकं खाली. गौरांग म्हणाला, सकाळी आम्ही गाडीत बसत असताना संतोषजी धावत परत आत आल्या होत्या आणि पूजेच्या कलशातलं माठाचं गार पाणी त्यांनी टाकीत ओतलं. क्लोरीनचे थेंब वगैरे काही नाही. त्याला वाटलं, मीच सांगितलं असेल.

मी त्यांना बोलावून आणलं. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. “संतोषजी, आपसे किसने कहा था?”

त्यांचा चेहरा उतरला. “किसी ने नहीं कहा, बहनजी. पानी में सिगड़ी जल रही थी, आज के दिन, सो बंद कर दी. मैंने सोचा, माता की ठंडक इनको भी लगे. मैंने तो प्यार से किया.”

आणि दारात उभा असलेला गौरांग म्हणाला, “मम्मी, मी पण हेच म्हणालो होतो. रुचिताला. सेम.”



संतोषजी रडायला लागल्या आणि उकळतं पाणी आणायला धावल्या. मी त्यांना थांबवलं. एकदम गरम केलं तर मासा तेवढ्यानेच मेला असता. आम्ही तिघं रात्रभर बसून राहिलो. थोडं पाणी काढायचं, तयार केलेलं थोडं कोमट पाणी घालायचं, थांबायचं. हीटर अगदी खालच्या आकड्यावर लावून एकेक अंश वर आणायचा. गौरांग पाणी आणून देत होता. प्रत्येक वेळी विचारत होता, “आता घालू?” सकाळी शामरावांनी एकदा वर येऊन हवा घेतली. आज पाच दिवसांनी ते पोहताहेत. शेपटीची नवी झालर गळून गेली. ती पुन्हा येईल.

तुमचं पत्र मी त्या दिवशी टाकीशेजारी ठेवलं होतं. दोन वेगळे करून बघा, म्हणाला होतात. मी बघितले.

सोबत रुचिताला एक चिठ्ठी आहे. पाकीट उघडंच ठेवलंय. तुम्ही वाचा, आणि द्यावीशी वाटली तर द्या.

निशिगंधा

*[चिठ्ठी]*

प्रिय रुचिता,

शामराव तुझे आहेत. ते आजारी होते, आता बरे आहेत. मी त्यांना सांभाळू शकते, आता मला जमतं. तुला हवे असतील तर तू असशील तिथे आणून देऊ शकते. किंवा तुला तिसरंच काही सुचत असेल.

तुला काय हवंय?

तू काही सांगितलंस म्हणजे त्याच्याबरोबर आणखी काही सांगितलंस, असं मी धरणार नाही.

मम्मी

•

सांगली
५ एप्रिल

प्रिय मम्मी,

आईने तुमची चिठ्ठी तीन दिवस डब्यात ठेवली होती. मग दिली.

मला शामराव हवे आहेत.

पंधरा तारखेपासून मी पुण्यात आहे. खोली लहान आहे पण भिंतीला टेकून टाकी बसेल, ऊन थेट येत नाही. टाकी मी नवी घेतली आहे आणि तिथे गेल्या गेल्या पाणी लावून ठेवते, म्हणजे ते आल्यावर सगळं तयार असेल. तुम्ही जुनी टाकी उचलून आणू नका, पाठ दुखेल. फक्त हीटर आणा, तो चांगला आहे.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांना खायला देऊ नका. रुंद तोंडाची प्लॅस्टिकची बरणी घ्या, त्यांच्याच टाकीतलं पाणी अर्धं भरा, अर्धी हवा राहू द्या. ते वर येऊन श्वास घेतात, त्यांना हवा लागते. झाकण घट्ट, पण मधे मधे उघडा. बरणी थर्माकोलच्या डब्यात ठेवा, रेल्वेच्या एसी डब्यात गार होईल म्हणून भोवती टॉवेल. त्यांना अंधारात शांत वाटतं. वाटेत कुणाला दाखवू नका.

मम्मी, पुढचं मला माहीत नाही. परत येईन असंही लिहीत नाही आणि नाही येणार असंही नाही. तुम्ही धरणार नाही म्हणालात, म्हणून एवढं लिहू शकले.

तुम्ही आलात तर चार दिवस राहा. गाद्या दोन आहेत.

रुचिता

•

वैशाली नगर, जयपूर
१७ एप्रिल

प्रिय वीणाताई,

हे पत्र तुम्हांला मिळेपर्यंत मी पुण्यात पोहोचलेली असेन. तरी लिहिते. घरातलं आवरून झालंय आणि हात रिकामा राहवत नाही.

उद्याच्या पुणे गाडीचं तिकीट आहे. इथे ऊन चढायला लागलंय, आणखी आठवडा गेला तर स्टेशनपर्यंतसुद्धा शामरावांना सोसायचं नाही. थर्माकोलचा डबा संतोषजींनी त्यांच्या मिठाईवाल्याकडून आणला. देताना म्हणाल्या, “बहनजी, मैं पूछ के लाई हूँ, साइज ठीक है ना?” मी त्यांना जवळ घेतलं. आज शामरावांचा उपवास आहे. ते काचेपाशी येऊन माझ्याकडे जुन्या संशयाने बघतात आणि मी त्यांना सांगते की मालकिणीचा हुकूम आहे.

संध्याकाळी मी डबा बांधायला घेतला तेव्हा गौरांग ऑफिसातून आला. टाय न काढताच शेजारी बसला.

“मम्मी, मी पण येऊ का?”

“मला काय विचारतोस?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग फोन घेऊन बाहेर ओसरीवर गेला. दार उघडंच होतं, मला त्याचाच आवाज ऐकू येत होता. “मी येऊ का? … नाही, फक्त पोचवायला. मम्मीबरोबर … हां … हां … नाही, समजलं … फ्लॅटचं पण तू सांगशील तेव्हा बोलू. नाही, आत्ता नाही … बरं. ठेवतो.”

तो आत आला. “नको म्हणाली. आत्ता नको.”

वीणाताई, माझ्या तोंडात आईची दहा वाक्यं तयार होती. तू तिकीट काढ, ती समोर बघून विरघळेल. मी बोलते तिच्याशी. स्टेशनवरून परत फिर हवं तर. त्यांतलं एकेक मी गिळलं. एवढा कडू घास मी बऱ्याच वर्षांत गिळला नव्हता. तो तिथेच उभा होता, बूट घातलेला, लहानपणी शाळेच्या संघात नाव न आल्यावर उभा राहायचा तसा.

मग खाली बसला आणि त्याने बरणी स्वतःकडे ओढली.

“पाणी किती भरायचं?”

“अर्धं,” मी म्हणाले.

“बाकी?”

“बाकी मोकळं ठेवायचं.”

त्याने टाकीतल्या पाण्यात पेला बुडवला आणि हळूहळू, एक थेंब न सांडता, बरणी भरायला लागला.

तुमची
निशिगंधा